तुम्ही विचारलंत म्हणून: नेवाडाच्या जागेवर ‘बाहेरचा’ का नको होता?

“भारतात हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश मुद्दाम दुसऱ्या राज्यातून आणतात. तुम्ही स्वतः सांगलीहून अमेरिकेत जाऊन नेवाडा राज्यातल्या रीनोत घर केलंत. मग २०१९ मध्ये फेडरल अपील कोर्टातल्या नेवाडाच्या जागेसाठी लॉरेन्स व्हॅनडाइक यांचं नाव आलं, तेव्हा ते बाहेरचे म्हणून तुम्ही विरोधात का उभ्या राहिलात?” हा प्रश्न मला पुण्यातले नातेवाईक विचारतात, इथल्या मराठी मंडळातले लोकही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा भूमिपुत्रांचा वाद असतो. म्हणून एकदा नीट लिहिते.

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अपील न्यायालयांचे विभाग आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. पश्चिमेकडच्या नऊ राज्यांसाठी नवव्या सर्किटचं अपील न्यायालय आहे. तिथे २९ न्यायाधीश बसतात आणि त्यातल्या काही जागा रिवाजाने नेवाडाच्या मानल्या जातात. आमच्या राज्यातली सुमारे ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. चराईचं कुरण असो, खाण असो की आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न, भांडण फिरून फेडरल कोर्टातच जातं. तिथून वर सुप्रीम कोर्ट फार थोडी प्रकरणं हातात घेतं. म्हणजे बहुतेकांसाठी शेवटचा शब्द या २९ जणांचाच. नेवाडाचे न्यायाधीश जे बायबी यांची जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेसाठी ट्रम्प यांनी व्हॅनडाइक यांचं नाव पुढे केलं (नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, मंजुरी सिनेट देते).

ते कुणी ऐरेगैरे नव्हते. हार्वर्डचे पदवीधर, दोन राज्यांचे सॉलिसिटर जनरल, म्हणजे वरच्या कोर्टांत राज्याची बाजू मांडणारे सरकारी वकील. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ओव्हरटाइमच्या नव्या नियमाविरुद्ध २१ राज्यं कोर्टात गेली, तेव्हा त्यांच्या वतीने हेच उभे राहिले आणि स्थगिती मिळवली. जन्म टेक्सासचा, वाढले मोंटॅनात. यातल्या कशावरही माझी हरकत नव्हती, आजही नाही. मी कुठे नेवाडात जन्मले आहे?

पण त्यांचा प्रवास पाहा. २०१३ मध्ये मोंटॅनाचे सॉलिसिटर जनरल झाले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाची निवडणूक लढवायला निघाले (तिथे न्यायाधीश मतदानाने निवडतात). मोंटॅनाच्या राज्यघटनेला उमेदवाराची पाच वर्षांची सनद लागते. व्हॅनडाइक यांची सनद त्यातली काही वर्षं ‘निष्क्रिय’ होती, म्हणून जिल्हा न्यायाधीशांनी त्यांना अपात्र ठरवलं. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. ते निवडणूक लढले आणि हरले. २०१५ मध्ये नेवाडाच्या अॅटर्नी जनरलच्या कचेरीत आले, २०१९ मध्ये वॉशिंग्टनला न्याय खात्यात गेले आणि त्याच वर्षी ‘नेवाडाचे’ म्हणून त्यांचं नाव आलं.

माझ्या लेखी स्थानिक असणं म्हणजे जन्मदाखला नव्हे. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या पदव्या बघतो, पण चौकशी करतो ती त्याच्या गल्लीत. न्यायाधीशाचंही तेच असायला हवं. ज्या वकिलांनी त्याच्याविरुद्ध केस लढवली, ज्या न्यायाधीशांसमोर तो उभा राहिला, ज्या कारकुनांशी तो रोज बोलला, त्यांना विचारायचं: हा माणूस विरुद्ध बाजूचं ऐकून घेतो का? न वाचता मत देतो का?

आणि अशी चौकशी झालीच होती. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या समितीने वकील आणि न्यायाधीश मिळून ६० जणांशी बोलून २९ ऑक्टोबर २०१९ ला पत्र दिलं. समितीच्या मोठ्या बहुमताने ‘अपात्र’ असा शेरा मारला. उद्धट, आळशी, मतांनी आंधळा झालेला आणि कोर्टाच्या रोजच्या कार्यपद्धतीची पुरेशी माहिती नसलेला, असं लोकांनी सांगितल्याचं पत्रात होतं. समलिंगी पक्षकारांना आपण न्याय देऊ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही, असंही होतं. दुसऱ्या दिवशी सिनेटच्या सुनावणीत या मुद्द्यावर व्हॅनडाइक रडले. आपण असं मानत नाही, प्रत्येकाला सन्मानाने वागवलं पाहिजे, असं म्हणाले. ते पाहताना मलाही वाईट वाटलं. शिवाय चौकशी करणाऱ्या मुख्य वकीलबाईंनी २०१४ मध्ये त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला दीडशे डॉलरची देणगी दिली होती. ते काम त्यांच्याकडे द्यायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हटलं. पण बाकीच्या साऱ्या साक्षी त्यामुळे पुसल्या जात नाहीत.

आता भारताचं. मुंबईला मुख्य न्यायमूर्ती बाहेरून येतात, ते दुसऱ्या हायकोर्टात वर्षानुवर्षं निकाल देऊन. त्यांचे निकाल कुणीही वाचू शकतं. सोबतचे बहुतेक न्यायाधीश तिथल्याच वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून आलेले असतात. शिवाय घटनेच्या २१७ व्या कलमाने किमान पात्रता घालून दिली आहे: हायकोर्टात दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद. ही अट कागदावरची नाही. मिझोरामचे विधी सचिव के. एन. श्रीवास्तव यांच्या गुवाहाटी हायकोर्टावरच्या नेमणुकीवर राष्ट्रपतींची सही झाली होती, फक्त शपथ राहिली होती. एका वकिलाने हरकत घेतली आणि १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पात्रता नाही म्हणून ती नेमणूकच रद्द केली. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल न्यायाधीशाला वयाची अट नाही, अनुभवाची नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. अपील न्यायाधीशाने त्या सर्किटच्या हद्दीत राहावं, असं कायदा म्हणतो. नेमणूक मात्र तहहयात, आणि इथे बदलीही होत नाही. मग चाळणी उरते दोन: वकिलांकडची चौकशी आणि त्या राज्याच्या सिनेटरांची संमती. ही संमती ‘ब्लू स्लिप’ नावाच्या निळ्या कागदावर द्यायची जुनी रीत आहे. अपील न्यायाधीशांसाठी रिपब्लिकन नेत्यांनी ती ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मोडली. आमच्या दोन्ही सिनेटर, जॅकी रोझेन आणि कॅथरिन कॉर्टेझ मास्टो, यांनी जाहीर विरोध केला होता. इथल्या वकीलवर्गाशी बोलून आपण सुचवलेल्या नेवाडाच्या लोकांना डावललं गेलं, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे दोन्ही चाळण्या एकाच वेळी बाजूला ठेवल्या गेल्या. माझा विरोध याला होता.

आमच्या सिनेटरना पटवायचं काही नव्हतंच. म्हणून मी फीनिक्स आणि डेन्व्हरच्या ओळखीच्या मराठी घरांत फोन केले, तुमच्या सिनेटरच्या कचेरीत कळवा म्हणून. काहींनी कळवलं. काहींनी “आपण कशाला यात पडायचं?” म्हटलं. आपण या देशात कर भरतो, घरं घेतो, मुलं वाढवतो, आणि कोर्टाचा विषय निघाला की पाहुणे होतो, याचा मला मनापासून राग येतो. ११ डिसेंबरला ५१ विरुद्ध ४४ मतांनी नेमणूक मंजूर झाली. मार्च २०२५ मध्ये बंदुकीच्या मॅगझिनविषयीच्या (गोळ्या भरायच्या खोक्याविषयीच्या) खटल्यात त्यांनी आपल्या भिन्नमताला एक व्हिडिओ जोडला. त्यात ते स्वतः पिस्तुलं हाताळून दाखवतात. त्यांच्याच सहकारी न्यायाधीश मार्शा बर्झन यांनी लेखी आक्षेप नोंदवला की न्यायाधीशाने असा स्वतःच पुरावा तयार करायचा नसतो. रोजच्या कार्यपद्धतीबद्दलचं ते पत्र मला तेव्हा पुन्हा काढून वाचावंसं वाटलं.

आणखी एक विचारलं जातं: हे सगळं ट्रम्प होते म्हणूनच ना? नाही. २०२१ मध्ये सिनेट डेमोक्रॅट्सकडे आली, पण अपील न्यायाधीशांसाठी ब्लू स्लिपची रीत त्यांनीही परत आणली नाही. तेव्हाही मी ती परत आणा म्हणून लिहिलं. २०१९ मध्ये माझ्याबरोबर असलेले बरेच जण त्या वेळी गप्प बसले.