कर्व्ह्ड अल्ट्रावाइड घ्यावा का? माझा अनुभव

दिवसा एक्सेल, टॅली आणि जीएसटीचं पोर्टल, रात्री गेम. दोन्हींसाठी एकच स्क्रीन हवा होता. काम नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरूनच चालतं. दोन मॉनिटर शेजारी ठेवले की मधली काळी पट्टी नेमकी नजरेसमोर येते, म्हणून 34 इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर, बघायचं ठरवलं.

बर्डीच्या दुकानात रेसिंगचा डेमो सुरूच होता. मी म्हटलं, "भाऊ, आधी एक्सेल उघडा न." 100 टक्के झूमवर साध्या फुल एचडी स्क्रीनवर एसी कॉलमपर्यंत दिसतं, इथे एझेडपर्यंत दिसलं. आपली खरेदी आणि 2बी (जीएसटी पोर्टलवरचा खरेदीच्या क्रेडिटचा तक्ता) शेजारी-शेजारी ठेवून ताळमेळ घेणाऱ्याला याची किंमत कळते. शेजारी 29 इंचीही होता. स्वस्त, पण 2560 बाय 1080चा, अक्षरं भरड दिसतात. दिवसभर आकडे वाचायचे असतील तर तो घेऊच नका. 34 इंचीचं 3440 बाय 1440 म्हणजे 27 इंची क्यूएचडीएवढीच (2560 बाय 1440) उंची, तेवढीच स्पष्टता आणि वर जास्तीची रुंदी.

आता कर्व्हचं. 1500आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचं वळण. सपाट 34 इंची स्क्रीनसमोर 70 सेंटीमीटरवर बसलं तर कडा मधल्या भागापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर लांब पडतात. या वळणामुळे त्या सुमारे 5 सेंटीमीटर पुढे येतात. कोपऱ्यातलं घड्याळ वाचायला पुढे वाकावं लागत नाही, एवढाच फायदा, पण रोजचा. 27 इंचीत कर्व्हसाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही. आणि नकाशे, ड्रॉइंग काढणाऱ्यांनी आधी दुकानात सरळ रेघ ओढून बघावी. काहींना ती वाकडी भासते.

शेवटी 34 इंचीच घेतला. खोकं ऑटोत उभंच धरून आणलं, आडवं ठेवू दिलं नाही. पायांचा स्टँड टेबलाची अर्धी खोली खात होता, तो काढून टेबलाच्या कडेला अडकवायचा आर्म लावला. एचडीएमआयची केबल जोडली तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, 100च्या वर जाईना. एचडीएमआय 2.0 या रिझोल्यूशनला तिथेच थांबतं. डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची केबल लावली, विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडला, तेव्हा माउस खरा हलका झाला. मग मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पॉवरटॉइज टाकून फॅन्सीझोन्समध्ये स्क्रीनचे तीन भाग केले. मीटिंगमध्ये मात्र पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, समोरच्याला मुंगीएवढी अक्षरं दिसतात. फक्त विंडो शेअर करा.

गेमिंगला फोर्झा होरायझन 5मध्ये दोन्ही बाजूंचा रस्ता उघडा दिसतो, मजा येते. पण क्यूएचडीपेक्षा 34 टक्के जास्त पिक्सेल रंगवायचे म्हणजे ग्राफिक्स कार्डावर तेवढा ताण. एल्डन रिंग तर बाजूला काळ्या पट्ट्याच ठेवतो. माझं पॅनल व्हीए प्रकारचं आहे: काळा रंग गडद, पण अंधाऱ्या प्रसंगात कॅमेरा भरकन फिरवला की मागे सावली ओढल्यासारखी दिसते. ज्यांचा सगळा जीव नेमबाजीच्या गेममध्ये, त्यांनी आयपीएस प्रकारचं पॅनल बघावं.

मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीचं ऊन वळणावर पसरून अर्धा स्क्रीन पांढरा करायचं. जाड पडदा लावावाच लागला.

परवा मामेभाऊ विचारायला आला. तो फक्त पीएस5वर खेळतो, आणि हा गेम कन्सोल 21:9, म्हणजे अल्ट्रावाइडचा रुंद आकार, देतच नाही. त्याला सपाट 27 इंचीच घ्यायला लावला.