ऑइलरच्या हातातली ग्रीस गन : आमची वाटचाल

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. एकीकडे कोळशाच्या खाणी, एकीकडे कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंग, राजूरकडे चुनाभट्ट्या, अन् थोडं पुढं गेलं की कोरपना-गडचांदूरचे सिमेंट कारखाने. इथल्या पोराला मशीन काही नवीन नसते. पण त्या मशीनला ऑइल-ग्रीस करणारा माणूस, म्हणजे ऑइलर, पूर्ण शेडमध्ये सगळ्यात खालचा, ज्याला दुसरं काही येत नाही त्याच्या हातात ग्रीस गन द्यायची, हेच मी लहानपणापासून पाहत आलो. कोट-दोन कोटींची लाइन अन् तिचा जीव ज्याच्या हातात त्याला कोणी कधी एक तास बसवून शिकवलं नाही. आम्ही नेमकं तेच काम धरलं, त्या माणसाला शिकवायचं, त्याच्या भाषेत अन् त्याच्याच मशीनजवळ उभं राहून.

बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नागपूरला एका ल्युब्रिकंट डीलरकडे काही वर्षं काउंटर अन् फील्ड दोन्ही केलं, मग गावाकडे येऊन रोडवर स्वतःचं ऑइल-ग्रीसचं दुकान टाकलं. दुकान बरं चालत होतं. गिऱ्हाईक यायचं, "नाईन्टी नंबर द्या", "ते लाल ग्रीस द्या, भारीवालं", विषय संपला. लाल म्हणजे भारी हे कोणी ठरवलं माहीत नाही, ग्रीसचा रंग म्हणजे बहुतेक वेळा फक्त टाकलेला रंग असतो, त्यावरून आत ग्रीस घट्ट करणारा साबण लिथियमचा आहे की कॅल्शियमचा की मातीवालं बेंटोन ग्रीस आहे काहीच कळत नाही. अन् दोन न जमणारी ग्रीस एकत्र झाली की काही वेळा ती पातळ होऊन सीलमधून गळून जातात, बेअरिंग कोरडी पडते, अन् माणूस म्हणतो ग्रीस डुप्लिकेट होतं.

सीझनमध्ये लोक गेलेल्या बेअरिंगी थैलीत घेऊन यायचे, हाच नंबर द्या म्हणून. मी जुन्या ठेवून घ्यायचो. फोडून पाहिल्या की दिसायचं, कोरडी पडून गेलेली क्वचितच, बहुतेकींत ग्रीस ठासून भरलेलं, जळून काळं डांबर झालेलं. म्हणजे ग्रीस मिळालं नाही म्हणून नाही, जास्त झालं म्हणून मेली. आत गोळ्यांना फिरायला जागाच नाही, त्या ग्रीसच घुसळत राहतात, त्यात गरमी वाढते, ऑइल सुटून जातं अन् मागं नुसता कडक साबण राहतो. अन् जिनिंगमध्ये गरम बेअरिंग म्हणजे फक्त बेअरिंगचा खर्च नाही राजेहो, बाहेर आलेल्या ग्रीसवर रुईची फुसकी चिकटून बसते, तिथं आग लागायला किती वेळ लागते हे जिनिंगवाल्याला सांगायची गरज नाही.

तर पहिलं ट्रेनिंग असं झालं की ओळखीच्या एका जिनिंगमध्ये प्रेसच्या पंख्याच्या मोटरची बेअरिंग सारखी जात होती. मी तिथल्या ऑइलरला विचारलं, दादा किती मारता ग्रीस? वयानं मोठा माणूस, म्हणाला, "बाहेर निघेपर्यंत मारा लागते न भाऊ. नाई तं साहेब म्हणते तू मारलंच नाई." हे ऐकलं अन् मला सगळा रोग समजला. सुपरवायझर बाहेर ग्रीस दिसलं की काम झालं असं धरतो, म्हणून ऑइलर बाहेर काढूनच दाखवतो, चूक त्याची नाहीच.

मग मी दुकानातून छोटा डिजिटल काटा आणला. त्याच्याच गनमधून कागदावर दहा स्ट्रोक, म्हणजे दांडा दहा वेळा दाबून, मारायला लावले, वजन केलं, साधारण बारा ग्रॅम, म्हणजे एका स्ट्रोकला १.२ ग्रॅम. शेजारच्या दुसऱ्या गनमधून तेच दहा स्ट्रोक, तर अठराच्या वर. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, दोन्ही गन दिसायला सारख्याच. मोटरला बेअरिंग होती ६३१२ नंबरची, बाहेरचा व्यास १३० मिमी, रुंदी ३१ मिमी. परत ग्रीस करायला लागणारे ग्रॅम म्हणजे व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, हा बेअरिंगवाल्यांचा जुना हिशोब आहे. आलं २० ग्रॅम. म्हणजे पहिल्या गनने सतराएक स्ट्रोक, दुसऱ्या गनने अकरा. तो किती मारायचा तर मोजतच नव्हता, चाळीस-पन्नास तर सहज. गनवर पेंटने लिहून दिलं, एका स्ट्रोकला किती. त्या दादानं मग जे सांगितलं ते आजपर्यंत प्रत्येक बॅचमध्ये मी सांगतो, की आमचा बुढा बंडीच्या आखाला वंगण द्यायचा तं बोटभर द्यायचा, जास्त दिलं की रस्त्याची धूळ चिकटून आख घासते म्हणायचा. हे त्याच्या घरात होतंच, फक्त कारखान्यात आल्यावर कोणी त्याला तसं विचारलं नाही.

त्या जिनिंगच्या मालकानं पुढच्या सीझनला स्वतःहून फोन केला, बाकीच्या पोरांनाही शिकवून दे. अन् तिथून खरी अडचण सुरू झाली, कारण त्यांचं ग्रीस बरंच कमी लागायला लागलं अन् ते ग्रीस माझ्याच दुकानातून जात होतं! घरात यावर खूप बोलणं झालं. बाबा म्हणाले धंदा बसवतोस का. माझं म्हणणं असं होतं अन् आजही आहे, की जो ऑइल विकतो त्यानंच ऑइल किती लागते ते शिकवायचं म्हटलं तर समोरचा पूर्ण विश्वास कधी ठेवणार नाही, अन् ठेवूही नये. दोन सीझन दोन्ही ओढलं, मग दुकान मेव्हण्याकडे दिलं अन् आम्ही फक्त ट्रेनिंग अन् ऑइल तपासणी यावर आलो. पहिलं वर्ष कठीण गेलं, खोटं नाही बोलत, त्यात एका मोठ्या प्लांटनं आमचं बिल कित्येक महिने लटकवून ठेवलं, रोज अकाउंट्सला फोन. तेव्हापासून नवीन ठिकाणी अर्धे पैसे आधी घेतो, कोणीही असो.

शिकायला मलाही लागलंच. या विषयाची जगात मोठी शाखा आहे, ट्रायबॉलॉजी, म्हणजे घर्षण, झीज अन् वंगणाचं शास्त्र, ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला तेव्हा हे नाव चालू झालं, अन् त्यांनी हिशोब मांडला होता की घर्षण-झिजेकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. आता आयसीएमएल (इंटरनॅशनल कौन्सिल फॉर मशिनरी ल्युब्रिकेशन) ही संस्था ल्युब्रिकेशन टेक्निशियनची परीक्षा घेते, १०० प्रश्न, ३ तास, पास व्हायला ७० टक्के. सुपरवायझर-इंजिनिअर लोकांची तयारी आम्ही त्यासाठी करून घेतो. पण ऑइलरला त्या परीक्षेचा उपयोग नाही, त्याच्यासाठी आम्ही वेगळंच बनवलं.

कारण आमच्या बॅचमध्ये माणसं कशी असतात पहा, वणी-मारेगावची, झरीकडची गोंडी बोलणारी, तेलंगणाच्या सीमेवरची तेलुगू बोलणारी, अन् जिनिंगमध्ये सीझनला बिहार अन् एमपीची पोरं. कित्येकांना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक ऑइलला एक रंग अन् एक आकार. ड्रमवर, कॅनवर, नरसाळ्यावर अन् मशीनच्या पॉइंटवर तेच निशाण. निळा गोल असेल तिथं निळ्या गोलाचंच ऑइल, हिरवा त्रिकोण असेल तिथं तेच. चित्रं आमच्या वहिनीनं काढली, पहिली पुस्तिका तिनं घरीच टाइप केली. व्हीजी ४६ म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याला समजावतोच, ४० अंश तापमानाला ऑइलची जाडी ४६ सेंटिस्टोक (हे जाडी मोजायचं माप), दहा टक्के इकडेतिकडे चालते. पण ज्याला ते नको त्याचं काम निशाणावर भागलं पाहिजे.

आता आमच्याकडं जे सगळ्यात जास्त लोकांना लागतं ते म्हणजे ड्रम कसा ठेवायचा. ऐकायला साधं आहे. पण आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ अंश अन् जूनमध्ये धो धो पाऊस. लोक २१० लिटरचा ड्रम उघड्यावर उभा ठेवतात, वरच्या काठात पाणी साचते. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते, रात्री थंड झाला की ड्रम हवा आत ओढतो अन् हवेसोबत ते साचलेलं पाणीही. बूच घट्ट आहे म्हणून काही होत नाही असं नाही. शेड नसेल तर ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन अन् नऊच्या जागी येतील असा, म्हणजे बूच ऑइलखाली राहते, हवाही नाही पाणीही नाही.

पाणी गेलं का हे दाखवायला आम्ही क्रॅकल टेस्ट करतो. १६० अंशाच्या आसपास तापवलेल्या प्लेटवर ऑइलचा एक थेंब, डोळ्याला चष्मा लावूनच. पाणी असेल तर बारीक बुडबुडे, जास्त असेल तर तडतड आवाज. ०.०५ ते ०.१ टक्क्यापासून दिसायला लागते. हे झालं की सगळ्यांचे चेहरे बदलतात, कारण त्यांच्याच ड्रममधलं, परवाच टाकलेलं ऑइल तडतडते. आमच्याकडची ताई, आयटीआय फिटर केलेली, गावातलीच पोरगी, ही टेस्ट ती घेते अन् माझ्यापेक्षा चांगली घेते, सुरुवातीला प्लांटवाले विचारायचे ट्रेनर कुठं आहेत, ती म्हणायची मीच.

गठाणीच्या प्रेसचं हायड्रॉलिक हा तिचा आवडता विषय. जास्त दाबाच्या सिस्टीममध्ये पंप-व्हॉल्व्हच्या फटी काही ठिकाणी ५ मायक्रॉनच्या असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अन् आपल्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही, म्हणजे "ऑइल साफ दिसते" याला काही अर्थ नाही. सील फोडलेल्या नव्या ड्रममधलं ऑइलही फिल्टर करूनच टाकायचं. ऑइलमधली घाण मोजायचा आयएसओ ४४०६ चा कोड ती कणांचे फोटो दाखवून समजावते, ४, ६ अन् १४ मायक्रॉनचे कण मोजायचे, एक आकडा वाढला की कण दुप्पट. अन् एक गोष्ट आम्ही पहिल्या दहा मिनिटांत सांगतो, कोणी उशिरा आला तर परत सांगतो, की पाइपमधून बारीक फवारा निघत असेल तर हातानं चाचपायचं नाही. त्या दाबाचं ऑइल चामडीतून आत शिरते, वरून सुई टोचल्यासारखं दिसते अन् दुखतही नाही फार, पण काही तासांत हात जायची वेळ येऊ शकते. प्रेस बंद करा, प्रेशर उतरवा, शोधायचंच असेल तर लांबून पुठ्ठा धरा, अन् लागलंच तर मलम न लावता सरळ सर्जनकडे.

जळक्या, म्हणजे वापरून झालेल्या ऑइलचं आधी कोणी ऐकायचं नाही. नाल्यात ओतणं, उधळी (वाळवी) लागू नये म्हणून लाकडाला फासणं चालूच होतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यावं लागते. आता दोन-तीन जिनिंगवाले मिळून एकत्र ड्रम भरतात, मग गाडी येते, थोडे पैसेही मिळतात.

सध्या जिनिंगशिवाय खाणीच्या ठेकेदारांचे डंपर-पोकलेनवाले मेकॅनिक, चुनाभट्टीचे क्रशर, अकोल्याच्या काही दालमिल असं काम आहे. भंडारा-गोंदियाकडच्या राइसमिलवाल्यांचंही बोलणं चालू आहे, तिकडं बॅच बसली तर ताई अन् मेव्हण्याचा पोरगा जाणार. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बोलून ठेवा, दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की मशीन कोणी बंद करू देत नाही. हॉल, प्रोजेक्टर काही नको. एक मशीन बंद पाहिजे, तुमच्याच ग्रीस गन पाहिजेत, अन् मालक नाही तर मॅनेजर पहिला अर्धा तास पोरांसोबत खाली बसला पाहिजे, ही अट आम्ही सोडत नाही.