सोयाबीन घरात, कपाशी शेतात: दिवाळीच्या सुटीत अंदमान

शेतकऱ्याच्या घरून सहकुटुंब फिरायला निघायचं तर वर्षात फटी दोनच. उन्हाळ्यातली लग्नसराईत जाते. राहिली दिवाळीची: सोयाबीनची मळणी झालेली, सीतादही म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा करून कपाशीची पहिली वेचणी आटोपलेली, पोरांना सुटी. हरभऱ्याची पेरणी तेवढी भावाच्या गळ्यात टाकून आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडून अंदमान गाठलं. सोबत बायको, दोन पोरं आणि गुडघेदुखीची आई. गावात जो भेटतो तो विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी नावांचा गोंधळ. विमान उतरतं त्या पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे आणि पुढे बोटीने जायच्या हॅवलॉक बेटाचं 2018 पासून स्वराज द्वीप. कागदोपत्री नवी नावं येतात, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनीच. दोन्ही माहीत असू द्या.

आपल्याकडे पाऊस गेला म्हणजे तिकडेही गेला, असं धरून चालू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे परतीचा पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठण्याचे दिवसही तेच. समुद्र खवळला की बेटाबेटांतल्या बोटी बंद. म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा: हॅवलॉक आधी उरका आणि परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आम्ही असताना एका दुपारी बोट रद्द झाली. धक्क्यावर बॅगांवर बसलेली माणसं विमान कंपन्यांना फोन लावत होती. स्वस्त पॅकेजवाले नेमकी हीच एक रात्र कापतात. निव्वळ निळा समुद्र हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, पण तेव्हा शाळा सोडत नाही आणि कापूसही.

नागपूरहून थेट विमान नाही. बल्लारशा-विजयवाडामार्गे रेल्वेने चेन्नई, साधारण सोळा-सतरा तास, आणि पुढे सव्वादोन तासांचं विमान. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट पाहिजे तर त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसा. चेन्नई सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो आहे, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालायची गरज नाही. फराळ खुशाल न्या, मात्र सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. विमानात त्या चालत नाहीत. जहाजानेही जाता येतं, पण चेन्नईहून जवळपास तीन दिवस लागतात. सुटी तिथेच संपेल.

हॅवलॉकची खासगी बोट दीड-दोन तासांत पोचवते. सरकारी बोट स्वस्त आणि संथ. आदल्या रात्री तळलेलं नको, सकाळी उपाशीपोटीही नको, आणि ओकारीची गोळी अर्धा तास आधी. आमच्या धाकट्याने गोळी जिभेखाली लपवली आणि मग अर्धा प्रवास पिशवीत तोंड घालून केला.

आता रिसॉर्ट. जाहिरातीतला फोटो नेहमी भरतीचा असतो. हॅवलॉकचा गोविंदनगर, विजयनगरकडचा पूर्व किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर नुसते खडक आणि चिखल. त्यात दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी. बुकिंगच्या वेळी ‘समुद्र समोर आहे का’ हे विचारण्यापेक्षा ‘पाणी किती वाजता असतं’ हे विचारा. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पोहायला राधानगर बरा, पश्चिमेचा, पांढऱ्या वाळूचा. तिथेही आखून दिलेल्या जागेतच उतरा. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि 2010 साली राधानगरजवळच एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. तिथली इशाऱ्याची पाटी शोभेची नाही.

अमावास्येचा एक फायदा मात्र झाला. काळोखात काठच्या पाण्यात हात फिरवला की बोटांभोवती निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव चमकतात म्हणे. पोरं तिथून हलेनात. चांदण्या रात्री हे नीट दिसत नाही.

तिकडे घड्याळ आपलंच, सूर्य मात्र फार पूर्वेचा. सव्वापाच-साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्यासारखं आरामात नऊला निघाल तर दिवस हातून गेला समजा. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर चारलाच तिथे हवं.

आईचा जीव रिसॉर्टात रमला नाही. ती विजयनगरच्या वस्तीत फिरायची. हॅवलॉकवर बरीच कुटुंबं पूर्व बंगालातून येऊन वसलेली, घराघराला सुपारीची झाडं. एका अंगणात नारिंगी सुपाऱ्या वाळत पसरल्या होत्या आणि एक म्हातारी उकिडवी बसून त्या पालथ्या करत होती. आई शेजारी टेकली. भाषा दोघींची वेगळी, पण थोड्या वेळाने आईने मला हाक मारली, “इचार ना बाप्पा, याचा भाव कोन ठरवते?” म्हातारीने हिंदीत ‘व्यापारी’ एवढं एकच सांगितलं आणि दोघी हसल्या.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी रिसॉर्टात न अडकता बाजारात बंगाली खानावळीत जावं. वरण-भात-भाजी मिळते, भाकरीची आशा सोडा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या. फोन बहुतेक ठिकाणी लागतो, भावाला मंडीतला सोयाबीनचा भाव विचारण्यापुरता तरी.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या. 1906 मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वर आहे, जिने चढावे लागतात. आई खाली पिंपळाच्या सावलीत बसली.

परत निघताना शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे सामानात नको. नेण्यास बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. बॅगा भरून झाल्या की पोरांचे खिसेही उलटे करून बघा.