नोझावाच्या खोलीवर बायकोचं नाव

जपानला स्कीइंगला निघालो म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, थंडी झेपेल का? खोलीच्या बुकिंगवर बायकोचं नाव आहे का, हे कुणीच विचारलं नाही. आमचं घोडं तिथेच अडलं.

ठिकाण ठरायला वेळ लागला नाही. नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन. सैबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प उचलतात आणि या डोंगरांवर भुसभुशीत बर्फ ओततात. उतार १६५० मीटरपर्यंत, पायथ्याला गरम झऱ्यांचं जुनं गाव. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने इइयामा, पुढे बस. उत्तराखंडात औलीला स्कीइंग शिकलेलं थोडंफार अंगात होतंच.

मुक्कामाला मिन्शुकु, म्हणजे एका कुटुंबाने चालवलेलं घरगुती लॉज घेतलं. मालकांची दोन ओळींची मेल आली: तारखा, 'दोन व्यक्ती', आणि माझं आडनाव. व्हिसा केंद्रातल्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडमचं नाव कुठंय?"
"दोन व्यक्ती लिहिलंय की."
"दुसरी व्यक्ती कोण, ते कुठं लिहिलंय?"

बायको शेजारीच उभी होती. लग्नाचा दाखला पुढे केला, तर म्हणे यावरून नातं कळतं, राहणार कुठे ते नाही. मागचे गृहस्थ मोठमोठ्याने घसा साफ करू लागले. फाइल परत.

मालकांना मेल टाकली. उत्तर आलं, काळजी नसावी, दोन गाद्या तयार असतील. अहो, गाद्या नकोत, नाव हवंय! मग भाषांतराच्या ॲपवर छोटी छोटी वाक्यं करून लिहिलं: व्हिसासाठी पत्र हवं, दोघांची नावं, पासपोर्टवर आहेत तशीच, इंग्रजी अक्षरांत. त्यावर सगळं शांत. तोवर बँकेचं स्टेटमेंट जुनं झालं, म्हणून नवं काढायला गेलो, तर शिक्का टेबलावर आणि सही करणारे साहेब रजेवर. त्या दिवशी मी स्कीइंगच्या नावाने हात जोडले होते.

शेवटी पत्र आलं. वाकडं स्कॅन केलेलं, खाली लाल गोल शिक्का, दोन्ही नावं ठळक. बाईंनी त्यावर नजर टाकली न टाकली आणि कागद गठ्ठ्यात सरकवला. एवढ्यासाठी माझी झोप उडाली होती! तेव्हा खोली धरतानाच प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहून मागा.

स्की भाड्याने तिथेच घ्या, पावडरसाठी, म्हणजे त्या भुसभुशीत बर्फासाठी, रुंदच मागा. विमा काढताना हिवाळी खेळ आणि आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग त्यात येतं का, हे नीट वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत येत नाही. १५ जानेवारीला गावात दोसोजिनचा, म्हणजे वाटा राखणाऱ्या देवाचा अग्निउत्सव असतो, तेव्हा खोल्यांची मारामार.

गावातली १३ सार्वजनिक स्नानगृहं गावकरीच सांभाळतात. पैसे मागत नाहीत, पण दारातल्या पेटीत टाकावेत. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात. कपडे अजिबात नाहीत, लाजणाऱ्यांनी मनाची तयारी करून जावं. पाणी चांगलंच कढत असतं. स्कीइंगने दुखणाऱ्या पायांना दुसरं औषध लागलं नाही.

हो, आणि शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, सूपच्या पाण्यातही मासळी असते. नावांच्या त्याच मेलमध्ये हेही लिहून टाका.