तुम्ही विचारलंत म्हणून: जिनिव्हातल्या जेवणांचा पऱ्हाटीला काय उपयोग?

हिंगणघाटचं यार्ड असो की खेडा खरेदीचा काटा, कापसाच्या भावावरून बोलणं जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेवर आलं की प्रश्न ठरलेला: "आपला राजदूत तिथं दुसऱ्या देशांच्या राजदूतांसोबत जेवतो, त्यानं क्विंटलमागं आमचे किती रुपये वाढतात?" एकही नाही. तरी ती जेवणं वाया जात नाहीत, आणि का ते एकदा नीट सांगतो.

तिथं निर्णय एकमतानं होतात. हजर असलेल्या एकाही देशानं उघड हरकत घेतली नाही की ठराव मंजूर. कागदावर कोणीही अडवू शकतो. एकट्यानं अडवून धरणं मात्र फार जड जातं, कारण दूताला वगळून थेट त्याच्या राजधानीवर दबाव येतो. म्हणून मसुदा आधी कोणाला दाखवायचा, कोणतं वाक्य अमान्य म्हणून चौकटी कंसात ठेवायचं, कोण बोलेल, कोण दुजोरा देईल, हे सभागृहाबाहेर ठरवून घ्यावं लागतं. सोबत्याला नवी भूमिका भर बैठकीत ऐकवली, तर त्याच्याकडं राजधानीच्या सूचना नसतात. तो गप्प बसतो, आणि गप्प बसणं म्हणजे संमती.

२००३ ची, मेक्सिकोत कानकुनला भरलेली संघटनेची मंत्रिपरिषद बघा. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब कापूस उत्पादक देशांची मागणी साधी होती: श्रीमंत देशांनी कापसाचं अनुदान टप्प्याटप्प्यानं बंद करावं, तोवर भरपाई द्यावी. त्यासाठी जूनमध्ये बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे स्वतः जिनिव्हात बोलले होते. १३ सप्टेंबरला मसुदा आला. त्यात कपातीचं वचन नाही, भरपाई नाही. कापसावर उभ्या असलेल्या देशांना दुसऱ्या उद्योगांकडं वळवायचं, तेही आहेत त्याच योजनांच्या पैशातून! पऱ्हाटी सोडा, दुसरं काही बघा. हा सल्ला विदर्भात कोणी ऐकलेला नाही? तो मसुदा वाचताना मला आजही संताप येतो. दुसऱ्या दिवशी गुंतवणुकीसारख्या नव्या विषयांवर गरीब देश एकत्र अडून राहिले आणि परिषद मोडली. एकेकटे असते तर तो मसुदाही त्यांच्या गळ्यात पडला असता.

जेवणांपेक्षा संघटनेकडं सरळ दावा ठोकावा, असं माझं जुनं मत होतं, आणि ते पुरतं खोडता येत नाही. ब्राझीलनं अमेरिकेवर कापसाचाच दावा ठोकला आणि जिंकला. पण २००२ ला सुरू झालेलं ते प्रकरण ३० कोटी डॉलरवर मिटायला २०१४ उजाडलं. बेनिननं एवढा दम कुठून आणायचा?

मैत्रीचं फळही तुटपुंजं आहे, हे मान्य. २०१५ ला नैरोबीत कापसाची निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानाचं खरं दुखणं तसंच आहे. त्यात आपलं आणि त्या चौघांचं हित एक नाही. आफ्रिकेतली माणसं नागपूरला सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेच्या केंद्रात जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करणं, शिकून जातात, ते चांगलंच आहे. पण २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापसाच्या हमीभावावरच बोट ठेवलं, पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्के या अनुदानाच्या मर्यादेबाहेर म्हणून. जगभरची अनुदानं कमी करा म्हणणारे चार देश त्या वादात आपल्या बाजूनं उभे राहतील का? मला खात्री नाही. त्यांची कपात आणि आपला हमीभाव, दोन्ही सांभाळणारं वाक्य अजून कोणी लिहिलेलं नाही, आणि ते शोधायला त्यांच्या दूतांसोबत पुन्हा पुन्हा बसण्यावाचून दुसरा रस्ता मला दिसत नाही.