सिंगापूरची रेस, कोल्हापूरचं घड्याळ

फॉर्म्युला वन बघायला जायचं ठरलं तर कोल्हापूरकरानं आधी कॅलेंडर नाही, पंचांग काढावं. 2024 ला सिंगापूरची रेस 20 ते 22 सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी 17 ला. महाद्वार रोडची मिरवणूक उरकून बुधवारी रात्री मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडता आली, कानात डॉल्बी अजून वाजतच होता. पितृपंधरवडा लागल्यामुळं मावशीनं नाक मुरडलं, पण तेवढं चालायचंच. 2026 चं गणित अवघड आहे. रेस 9 ते 11 ऑक्टोबरला, आणि रविवारी 11 लाच घटस्थापना. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांनी तिकिटाच्या आधी घरचा विषय मिटवावा.

आम्ही म्हणजे मी, मावसभाऊ दादा आणि त्याची कॉलेजातली लेक. खरा नाद तिचाच. गावात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक असल्यामुळं आमच्याकडच्या पोरांना रेसिंग काही टीव्हीतलं खूळ वाटत नाही.

आता मुद्द्याचं. सिंगापूरची ही रेस मरीना बे भागातल्या शहराच्या रस्त्यांवर आणि रात्रीची असते. 2008 ला फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची रेस इथंच झाली. 2024 ला शुक्रवार-शनिवारी पहिलं सत्र संध्याकाळी साडेपाचला आणि दुसरं रात्री नऊला होतं, रविवारची रेस आठला. युरोपातून आलेल्या टीम तिथं घड्याळ बदलतच नाहीत. दुपारी नाश्ता करतात, पहाटे झोपतात. हीच युक्ती आपल्याला आणखी सोपी जाते, कारण सिंगापूर आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढं. तिथली रात्री आठची रेस म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. ट्रॅकवरून बारा वाजता बाहेर पडलात तरी अंगाच्या हिशोबानं साडेनऊच झालेले असतात. म्हणून मनगटावर कोल्हापूरची वेळ राहू द्या आणि तिथल्या दहा वाजता आरामात उठा. सकाळी सातला उठून सेंटोसा, दुपारी गार्डन्स बाय द बे आणि रात्री रेस, असा टूरवाल्यांचा कार्यक्रम केलात तर शनिवारच्या क्वालिफायिंगला, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीला, खुर्चीत घोरत बसाल. शहर बघायचंच असेल तर सोमवारनंतर दोन दिवस वाढवा.

राहायला ट्रॅकजवळ जाऊ नका. त्या आठवड्यात मरीना बेच्या खोल्यांचे भाव ऐकून पोटात गोळा येतो. आम्ही लिटल इंडियात उतरलो. तिथून डाउनटाउन लाइननं रोचोर, बुगिस आणि तिसरं स्टेशन प्रोमेनाड, गाडी बदलायची भानगड नाही. ट्रॅकचा परिसर झोनमध्ये वाटलेला असतो. पिट, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात ती जागा, आणि पहिलं वळण असलेला झोन 1 प्रोमेनाडच्या जवळच. पादांग या मैदानाच्या बाजूचं तिकीट असेल तर सिटी हॉल स्टेशन. मेट्रोला वेगळं कार्ड लागत नाही. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड दारात टेकवलं की झालं, थोडी फी कापतात. मात्र कार्डावर परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय निघण्याआधीच चालू करून घ्या.

तिकिटं तीन दिवसांची एकत्र मिळतात, एकेका दिवसाचीही मिळतात. वॉकअबाउट म्हणजे फिरतं तिकीट, उभं राहून बघायचं. स्वस्तातलं वॉकअबाउट झोन 4 चं असतं आणि त्यावर झोन 1 मध्ये जाता येत नाही, हे पैसे भरताना वाचा. माझं मत विचाराल तर शुक्रवारी फिरतं घ्यावं आणि रविवारी खुर्ची. शुक्रवारी जाळीला चिकटून उभं राहिल्यावर जे दिसतं ते वरच्या स्टँडमधून दिसत नाही. रस्ता शहराचाच, खाचखळग्यांचा, त्यामुळं गाडीचं बूड घासून टायटॅनियमच्या ठिणग्यांची शेपटी उडते, आणि ब्रेकचा जळका वास नाकात बसतो. गाडी डोळ्यांसमोर असते जेमतेम सेकंदभर. एका टीमच्या दोन गाड्या ओळखायच्या कशा, तर ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या कॅमेऱ्याकडं बघायचं, एकीचा काळा आणि दुसरीचा पिवळाधमक. हे पुतणीनं शिकवलं. दादा म्हणाला, "आधी सांगायचं की गं, मी मघापासून रंगच शोधतोय." मुलींची एफ-वन अकॅडमीची रेसही त्याच वीकेंडला होती. ती बघताना पोरगी जी गप्प झाली, ती संपेपर्यंत बोलली नाही.

रेस उभ्यानं बघितली तर 62 फेऱ्यांत पाय बोलायला लागतात. शिवाय समोर मोठा स्क्रीन नसेल तर कोण कुठं आहे ते काहीच कळत नाही, म्हणून खुर्ची घेतानाही स्क्रीन दिसतो का ते आधी बघा. 2024 ला ड्रायव्हर लँडो नॉरिस पहिल्या जागेवरून सुटला आणि दुसऱ्या आलेल्या मॅक्स वेर्स्टॅपनला जवळपास 21 सेकंद मागं टाकून जिंकला. मध्ये भिंतीला घासूनही वाचला. सिंगापूरला सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला पुढं येणारी गाडी) न येता संपलेली ही पहिलीच रेस. खरं सांगायचं तर थोडी सपक झाली. चर्चा जास्त शनिवारच्या सरावात ट्रॅकवर आलेल्या घोरपडीची. तिच्यासाठी लाल झेंडा दाखवून सराव थांबवला!

रात्रीही घाम निथळतो, सुती कपडे आणि भरपूर पाणी हवं. पाऊस कधीही येतो. छत्री उघडलीत तर मागचे लोक ओरडणार, रेनकोट न्या. कानात बोळे हवेतच, विशेषतः लहान पोरांना.

व्हिसा आधी काढावा लागतो, अधिकृत एजंटकडून ऑनलाइन होतो. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा. आणि भावांनो, मावा घरी ठेवा. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, गुटखा, खैनी काहीही चालत नाही, ई-सिगारेटही नाही. मटणाचं लोणचं पण नको, आपल्याकडचं मांस नेता येत नाही. शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. जेवायला टेक्का सेंटरची बिर्याणी, शाकाहारींना सेरंगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास. तिखट मागितलं तरी आपल्या हिशोबानं ते गुळमटच असतं.

2026 ला सिंगापुरात पहिल्यांदाच स्प्रिंट आहे. म्हणजे शुक्रवारी नुसता सराव नसून स्प्रिंटची क्वालिफायिंगही, आणि शनिवारी छोटी रेस. शुक्रवारचं स्वस्त तिकीट त्यामुळं जास्त वसूल होईल, पण ते लवकर उचलावं लागेल.

रविवारी रेस संपल्याचा झेंडा पडला की सगळे एकदम स्टेशनकडं पळतात. पळू नका. ट्रॅक लोकांसाठी उघडतात, त्यावरून चालून घ्या, भिंतीवरचे टायरचे काळे ओरखडे हात लावून बघा आणि गर्दी ओसरल्यावर मेट्रो धरा. रविवारी रात्रीचं परतीचं विमान मात्र कुणीही घेऊ नये. सोमवारी दुपारनंतरचं घ्या, मुंबईतून रात्रीची स्लीपर बस मिळते, मंगळवारी सकाळी कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या थांब्यावर उतरता.