लिबपाथची एक ओळ

चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

एआयएक्स ७.२ च्या (आयबीएमच्या युनिक्सच्या) एका सर्व्हरवर मॉनिटरिंगचा छोटा एजंट मी हाताने कंपाइल केला होता. चालू केला की लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) सापडत नाही म्हणून लगेच मरायचा. लायब्ररी होती तर; आयबीएमच्या टूलबॉक्समधून, म्हणजे एआयएक्ससाठी बांधलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या संचातून आलेली, ऑप्टखालच्या फ्रीवेअर डिरेक्टरीत. मला घाई होती. एटसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइल उघडली (तिच्यातलं सगळ्याच लॉगिनना लागू होतं), लिबपाथमध्ये, म्हणजे लायब्ऱ्या कुठे शोधायच्या त्या यादीत, फ्रीवेअरचा रस्ता टाकला आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहिलं. एजंट चालला. मी खूश.

पाऊण तासाने डीबीएचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांचा फोन. "अहो, डेटाबेसचा क्लायंट उठतच नाहीये. तुम्ही काही बदललंत का?" मी सवयीने "नाही" म्हणालो. मग त्यांनी एरर वाचून दाखवली: ०५०९-१५२, लिबआयकॉन्व्हच्या (अक्षरांची एन्कोडिंग बदलणाऱ्या लायब्ररीच्या) अर्काइव्हमध्ये अमुक मेंबर नाही. पोटात गोळाच आला.

लिनक्सवरून आलेल्यांना इथेच ठेच लागते. एआयएक्सवर लायब्ररी बहुधा अर्काइव्ह, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते आणि खरा कोड तिच्या आतल्या मेंबरांत; ३२-बिट आणि ६४-बिट एकाच फाइलमध्ये नांदतात. लिबआयकॉन्व्ह आमच्याकडे दोन होत्या. सिस्टिमच्या लायब्ररीत जुन्या धाटणीच्या नावाचा मेंबर होता, आमच्या टूलबॉक्सच्या आवृत्तीत तो नव्हता. लोडर, म्हणजे प्रोग्रॅम चालू करताना लायब्ऱ्या जोडणारा, लिबपाथ आधी बघतो. त्या नावाची फाइल दिसली की तीच पकडतो, आत हवा तो मेंबर नसला की प्रोग्रॅम सोडून देतो. पुढे यूएसआर-लिबमध्ये खरी लायब्ररी आहे, तिकडे जातच नाही.

वाचलो ते पहिली खिडकी बंद केली नव्हती म्हणून. ते सेशन फाइल बदलण्याआधीचं, त्यात लिबपाथ नव्हता. ओळ काढली, डीबीएंना पुन्हा लॉगिन करायला सांगितलं, क्लायंट उठला. "नाही" म्हणालो होतो ते मागे घेतलं. ते हसले, पण पुढचे दोन महिने प्रत्येक बदलाआधी विचारायचे, "लिबपाथ नाही ना?"

एजंटचा खरा उपाय लिंक करतानाचा होता: बीलिबपाथच्या पर्यायात फ्रीवेअरचा रस्ता आणि मग यूएसआर-लिब असं देऊन पुन्हा बांधला. तो रस्ता बायनरीतच, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीतच बसतो, बाकी कुणाला धक्का नाही. डंप कमांडला मोठा एच दिला की दिसतो. आता बाहेरून आलेली कुठलीही बायनरी मी आधी अशी तपासतो.

बाकी पॅकेजांचं काम पूर्वीइतकं जिवावर येत नाही. एके काळी एकेक आरपीएम (टूलबॉक्समधल्या पॅकेजची फाइल) उतरवायचं, त्याला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं, असं रात्रभर. मग हे सगळं आपणच जुळवून आणणारं यम आलं, आता डीएनएफ. आमच्या सर्व्हरांना इंटरनेट नाही, म्हणून एका मशीनवर टूलबॉक्सची प्रत ठेवतो, क्रिएटरेपो चालवून तिची सूची (रेपो) बनवतो आणि बाकीचे तिथूनच घेतात. आधी टेस्टवर, आठवड्याने प्रॉडक्शनवर. ऑप्ट भरत आलं असेल तर सीएचएफएस कमांडने चालू मशीनवरच वाढवता येतं.

ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) मात्र आरपीएममधून नाही, एआयएक्सच्या स्वतःच्या इन्स्टॉलपीने येतं. एक आरपीएमचा डेटाबेस, एक एआयएक्सचा, आणि दोघांची बोलाचाली नाही. इन्स्टॉलपीने काही अपडेट केल्यावर अपडेटव्हीपीकेजी (updtvpkg, आरपीएमला एआयएक्सच्या लायब्ऱ्यांची खबर देणारी कमांड) चालवायला विसरलात तर समोर असलेली लायब्ररीही आरपीएमला 'नाही' वाटते. हे मी तीनदा विसरलोय.

आता एजंटची स्पेक फाइल (आरपीएम कसं बांधायचं ते सांगणारी) लिहायला घेतली आहे, म्हणजे तोही आरपीएम होऊन रेपोत बसेल. अजून पूर्ण झालेली नाही. एजंट तोवर हातानेच बांधलेला चालू आहे.